वडीलधाऱ्यांचे न्हाणीघर : पडण्यापूर्वी करावयाचे बदल

घर घेताना आपण हॉलची लांबी-रुंदी पाहतो, स्वयंपाकाचा ओटा कोणत्या बाजूस आहे ते पाहतो, हवा-उजेड पाहतो. न्हाणीघर आणि संडास मात्र "आहे ना, झाले तर मग" एवढ्यावर सोडून देतो. वडीलधाऱ्या माणसांच्या दृष्टीने घरातील सर्वांत धोक्याची जागा नेमकी तीच असते. ओली फरशी, साबणाचा फेस, अपुरा उजेड, अरुंद दार आणि त्यातच वाकणे, बसणे, उठणे हे सारे चार बाय पाच फुटांत एकत्र येते. या जागेत कोणते बदल करावेत आणि त्यास काय खटाटोप पडतो, याची माहिती प्रस्तुत लेखात देण्याचा आमचा प्रयत्न आहे. आम्ही इंजिनियर नाही आणि डॉक्टरही नाही. बँकेत कारकुनी करणारे आहोत. परंतु आमच्या घरी आणि आमच्या इमारतीतील काही घरी अशी कामे झाली, त्या निमित्ताने गवंडी, प्लंबर आणि व्यायामोपचार देणारे तज्ज्ञ यांच्याशी पुष्कळ बोलणे झाले. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडत आहोत.

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठ वर्षांवरील व्यक्ती १० कोटींहून अधिक होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मधील माहितीप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे दगावतात आणि त्यांत साठीपुढील लोकांची संख्या सर्वांत जास्त असते. आकडे मोठे आहेत, पण ते आम्हांस प्रथम आकड्यांतून कळले नाहीत. नोव्हेंबर महिन्यात निवृत्तिवेतनधारक मंडळी हयातीचा दाखला देण्यासाठी बँकेत येतात. मागील वर्षी स्वतःच्या पायांनी आलेल्या आजी यंदा दिसत नाहीत, त्यांचा मुलगा काऊंटरवर येऊन विचारतो, "साहेब, आईला आणता येत नाही, घरी कोणी येऊ शकेल काय?" काय झाले असे विचारावे, तर उत्तर बहुधा ठरलेले : "बाथरूममध्ये पाय घसरला." उतारवयात हाडे ठिसूळ होतात, स्त्रियांची विशेष. खुब्याचे हाड मोडले की शस्त्रक्रिया आलीच आणि ती उत्तम झाली तरी पूर्वीचे चालणे सर्वांनाच परत मिळते असे नाही. अंथरुणास खिळलेल्या माणसास पुढे छातीचा संसर्ग, पाठीला जखमा असे एकामागून एक लागत जाते.

पडण्याइतकेच नुकसान पडण्याच्या भीतीनेही होते. ते कोणाच्या लक्षात येत नाही, कारण त्यात हाड मोडत नाही. रात्री उठावे लागू नये म्हणून म्हातारी माणसे संध्याकाळी सहानंतर पाणी पिणे बंद करतात. आंघोळ रोजच्या ऐवजी दोन-तीन दिवसांआड होऊ लागते. पाणी कमी पडले की बद्धकोष्ठ होते, लघवीच्या जागेचा संसर्ग होतो, चक्कर येते. आणि चक्कर आली की ज्या पडण्याला भ्यायचे ते पडणे होतेच. आपल्याकडील कितीतरी स्त्रियांनी गावी असताना अंधार पडेपर्यंत शरीरधर्म अडवून धरण्यात तारुण्य घालविले. दिवसा पाणी बेतानेच प्यायचे ही त्यांची सवय होती. पुढे शहरात घर झाले, घरात संडास आला, तेव्हा कुठे ती सवय सुटली. त्याच बाईने पंचाहत्तराव्या वर्षी, स्वतःच्या मुलाच्या घरात, संडास दहा पावलांवर असताना पाण्याचा पेला पुन्हा दूर सारावा, हे आम्हांस फार खटकते. न्हाणीघराच्या दुरुस्तीचा विचार करावयाचा तो यासाठी.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आरंभ फरशीपासून करावा. जुन्या घरांतून मोरीला शहाबादी फरशी असे. ती दिसायला ओबडधोबड, पण ओली झाली तरी पायाला धरून ठेवी. शेवाळ धरू न देता नारळाच्या काथ्याने घासली की झाले. पुढे चकचकीत टाईल्सची हौस आली आणि घसरणेही आले. टाईल घेताना नुसता "अँटिस्किड" शब्द ऐकून समाधान मानू नये. दुकानातच ती ओली करावी, साबणाचा हात फिरवावा आणि अनवाणी पायाने दाबून पाहावी. कंपनीच्या माहितीपत्रकात आर-९ पासून आर-१३ पर्यंत प्रत दिलेली असते. आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. न्हाणीघरास किमान आर-१० असावी, आर-११ अधिक बरी. टाईलचा आकार लहान घेतला तर सांधे जास्त येतात आणि पायाला आधार मिळतो. सगळीच फरशी बदलणे झेपत नसेल तर खालून चिकटून राहणारी, भोकाभोकांची रबरी चटई अंथरावी व आठवड्यातून एकदा उचलून खालचा बुळबुळीतपणा धुवावा. दारात टाकलेले गोणपाट किंवा जुन्या साडीचे पायपुसणे मात्र आजच काढून टाकावे. ते पायाबरोबर सरकते.

रंगाबद्दल थोडेसे. हल्ली भिंत पांढरी, फरशी पांढरी, कमोडही पांढरा अशी टूम आहे. दुकानात ते छान दिसते. परंतु मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना त्यात बैठक कोठे संपते आणि जमीन कोठे सुरू होते हेच उमगत नाही. फरशी गडद आणि कमोड पांढरा, किंवा निदान बैठकीचे झाकण वेगळ्या रंगाचे, एवढे केले तरी पुरते.

दारातील दगडी पट्टी हा आणखी एक अडथळा. पाणी बाहेर येऊ नये म्हणून दोन ते चार इंच उंचीची पट्टी बसविलेली असते. तरुण माणूस ती न पाहता ओलांडतो. पाय घासत चालणारा माणूस तिला अडखळतो. फरशी नव्याने बसवीत असाल तर उतार जाळीकडे नीट काढून घ्यावा, एका फुटास अष्टमांश ते पाव इंच, म्हणजे पट्टी अर्ध्या इंचावर आणता येते. फरशी तशीच ठेवायची असेल तर पट्टीच्या बाहेरील बाजूस सिमेंटचा उतार करावा. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे मान एकास बारा असे धरतात, म्हणजे दोन इंच उंचीस चोवीस इंच लांबी. घाईघाईने केलेला आखूड, उभा उतार पट्टीपेक्षाही वाईट.

यानंतर आधाराचे दांडे. सर्व बदलांत कमी खर्चाचा आणि सर्वांत उपयोगी असा हाच बदल आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. बहुतेक घरांत म्हातारी माणसे उठताना टॉवेलच्या दांडीला, नळाला किंवा वॉशबेसिनच्या कडेला धरतात. या तिन्ही वस्तू माणसाचे वजन पेलण्यासाठी केलेल्या नसतात. बेसिन भिंतीतून निसटून पायावर पडल्याचे आम्ही शेजारी पाहिले आहे. दांडा स्टेनलेस स्टीलचा, सव्वा ते दीड इंच जाडीचा, मुठीत पूर्ण मावणारा असावा. भिंत व दांडा यांत सुमारे दीड इंच मोकळी जागा हवी. फार मोठी असल्यास हात कोपरापर्यंत आत अडकण्याची भीती असते. पृष्ठभाग किंचित खरबरीत असलेला बरा, कारण हात साबणाचा असतो. हवेच्या दाबाने टाईलला चिकटविण्याचे प्लास्टिकचे दांडे बाजारात मिळतात, त्यांवर विसंबू नये; ते केव्हा सुटतील याचा नेम नसतो.

दांड्यापेक्षा महत्त्वाची ती भिंत. काँक्रीटची भिंत असेल तर धातूचे अँकर बोल्ट घट्ट बसतात. चार इंची विटांच्या भिंतीत नुसते प्लास्टिकचे गिट्टे ठोकून चालत नाही. शक्य असेल तेथे बोल्ट आरपार काढून पलीकडून पत्रा व नट लावावा. नव्या इमारतींत पांढऱ्या हलक्या ठोकळ्यांच्या भिंती असतात, त्यांत रासायनिक लेप भरून बोल्ट बसवावे लागतात. काम झाल्यावर घरातील सर्वांत वजनदार माणसाने दांड्याला पूर्ण भार देऊन पाहावे आणि मगच मिस्त्रीचे पैसे द्यावेत.

दांडा कोठे लावावा हे मिस्त्रीने ठरवावयाचे नसते आणि मुलानेही नाही. ज्यांच्यासाठी तो लावायचा त्यांना कमोडवर, कपडे घातलेलेच, बसवावे. दोन-तीनदा उठा-बसायला सांगावे आणि त्यांचा हात आपोआप जेथे जातो तेथे भिंतीवर खडूने खूण करावी. साधारणतः बैठकीच्या बाजूच्या भिंतीवर, बैठकीपासून आठ ते दहा इंच वर आडवा दांडा येतो. उठताना ओढण्यासाठी पुढच्या बाजूस एक उभा. तिसरा दाराच्या आतील बाजूस, पहिले ओले पाऊल टाकताना धरण्यासाठी. अर्धांगवायूने एक बाजू कमजोर असेल तर दांडे चांगल्या हाताच्या बाजूस हवेत. खडूने खूण करण्याचा आणखी एक फायदा होतो. "मला काय धाड भरली आहे? मी काय पांगळा झालो?" असे म्हणणारे आजोबाही आपल्या हाताने खूण झाली की तो दांडा आपला मानतात. आमच्या वडिलांना हे काम मुळीच पसंत नव्हते. नातवंडांना आंघोळ घालताना त्यांना धरायला काहीतरी असावे, अशी सबब पुढे करून आईने ते करवून घेतले. त्या दांड्याला आता घरातील सगळेच धरतात.

बैठकीचा प्रश्न अधिक खर्चाचा. भारतीय पद्धतीच्या संडासावर उकिडवे बसणे गुडघेदुखी झालेल्यांस अशक्य होते. बसता आले तरी उठता येत नाही. घरात दोन संडास असतील तर एक भारतीय तसाच ठेवून दुसरा बदलावा. एकच असेल तर तोडफोडीपूर्वी भारतीय भांड्यावर ठेवण्याची, मध्यभागी भोक असलेली स्टीलची खुर्ची काही दिवस वापरून पाहावी. तिचे पाय रबरी बुचांचे असावेत आणि ती डगमगता कामा नये. पुष्कळांचे काम तेवढ्यात भागते.

कमोड बसवायचाच तर उंचीचा विचार आधी करावा. बाजारातील साधा कमोड पंधरा-सोळा इंच उंच असतो. केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाच्या २०२१ च्या सार्वत्रिक सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत बैठकीची उंची ४५० ते ४८० मिलिमीटर, म्हणजे अठरा-एकोणीस इंच, धरली आहे. ही मापे सार्वजनिक जागांसाठी उत्तम. घरात मात्र आपल्या माणसाचा गुडघा हेच माप. पाच फुटांहून कमी उंचीच्या आजीला एकोणीस इंचांच्या बैठकीवर बसविले तर पाय लोंबकळतात, मांड्यांना कळ लागते आणि पोटाला जोर देता येत नाही. पाऊल पूर्ण टेकलेले आणि मांडी आडवी राहील, किंवा गुडघ्यापेक्षा बैठक अगदी किंचित वर असेल, अशी उंची घ्यावी. जुना कमोड बुटका पडत असेल तर त्यावर बसविण्याची दोन ते चार इंचांची जोड-बैठक मिळते. धुण्याची तोटी त्यांच्या सरावाच्या हाताला असावी, मागे नव्हे.

भारतीय भांडे काढताना खालची फरशी फुटते, सांडपाण्याचा वाकडा पाईप बदलावा लागतो आणि त्या खाली असलेला गळतीविरोधी थर तुटतो. हे काम उरकाउरकी करण्याचे नाही. थर नव्याने करून घ्यावा, मग जाळी बंद करून पाणी साठवावे, निदान चोवीस तास तसेच ठेवावे आणि खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या छतास ओल येते काय हे त्यांच्यासमक्ष पाहूनच टाईल्स लावाव्यात. गृहनिर्माण संस्थेला आधी लेखी कळवावे. वरच्यांच्या दुरुस्तीने खालच्यांचे छत गळू लागले आणि वर्षानुवर्षांचा घरोबा तुटला, अशी उदाहरणे कोणत्याही सोसायटीत सापडतील.

दाराची गोष्ट साधी आहे, पण प्राणाशी गाठ आहे. दार आत उघडणारे असेल आणि माणूस आत पडला तर त्याच्याच अंगाने दार अडते; बाहेरच्यांस ते ढकलता येत नाही. म्हणून दार बाहेर उघडणारे किंवा बाजूस सरकणारे करून घ्यावे. बिजागऱ्या फिरविण्याचे हे काम सुतार एका दिवसात करतो. आतली कडी काढून बाहेरून नाण्याने उघडता येईल असे कुलूप लावावे. आपल्याकडील न्हाणीघराचे दार पुष्कळदा दोन-सव्वादोन फुटांचे असते. वॉकर घेऊन जाणाऱ्यास अडीच फूट तरी हवे, चाकाच्या खुर्चीस तीन. रुंद करण्यापूर्वी बाजूस काँक्रीटचा खांब तर नाही ना, हे जाणकारास दाखवावे.

आंघोळ बसून करावी. पाटावर नव्हे, खुर्चीच्या उंचीच्या पक्क्या स्टुलावर. बादली जमिनीवर ठेवली तर दर तांब्यास वाकावे लागते, म्हणून तिच्याखाली फूटभर उंचीचा कट्टा बांधून घ्यावा आणि नळ त्याच्यावर येईल असे पाहावे. वीस लिटरची भरलेली बादली वीस किलोची असते. ती सरकविण्याची वेळ म्हाताऱ्या माणसावर येऊ नये. हातात धरण्याचा शॉवर असेल तर बादलीही नको. साबण दोरीला बांधून टांगावा, म्हणजे सुटला तरी वाकून शोधावा लागत नाही.

गरम पाण्याविषयी दोन गोष्टी. म्हाताऱ्या माणसांची कातडी पातळ झालेली असते, मधुमेहात पायांची जाणीवही मंदावते. साठ अंश तापमानाचे पाणी काही सेकंदांतच भाजते, म्हणून गीझरचे मान पन्नासच्या आत ठेवावे आणि बादलीत थंड पाणी आधी, गरम मागाहून घालावे. विजेच्या गीझरला अर्थिंग व तीस मिलिअँपिअरचे गळती-रोधक स्विच अवश्य असावे. गॅसचा गीझर बंद न्हाणीघरात असूच नये. त्यातून कार्बन मोनॉक्साईड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि आतील माणसास हाक मारण्यापूर्वीच शुद्ध हरपते. तो बाहेर मोकळ्या हवेत बसवून फक्त पाण्याचा पाईप आत घ्यावा.

रात्रीची वाट अंथरुणापासून सुरू होते. बिछान्यातून एकदम उठले की रक्तदाब उतरून डोळ्यांसमोर अंधारी येते. दोन मिनिटे काठावर बसून मग उठावे. पुरुषांनी रात्री उभ्याने लघवीस न जाता बसून करावी, कारण त्या वेळी भोवळ येऊन पडणे घडते. वाटेत खुर्ची, वायर, चपला नसाव्यात. एक मंद दिवा रात्रभर जळू द्यावा आणि न्हाणीघराचे बटण दाराबाहेर हाताच्या उंचीवर असावे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते; त्या सकाळी घेतल्या तर चालतील काय हे डॉक्टरांस विचारावे, आपल्या मनाने वेळ बदलू नये. आत बेलचे बटण बसविल्यास त्याची दोरी जमिनीपर्यंत सोडावी. पडलेल्या माणसाचा हात भिंतीवरील बटणापर्यंत पोचत नाही.

हे सारे ज्यांना स्वतःचे न्हाणीघर आहे त्यांच्यासाठी झाले. मुंबईच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. १६० चौरस फुटांची खोली, कोपऱ्यात मोरी आणि मजल्याच्या टोकास सामाईक संडास. त्या चाळींचा पुनर्विकास सुरू झाला असून नव्या घरांत न्हाणीघर-संडास आतच आहेत. पण राज्यभरात सामाईक संडासावर अवलंबून असलेली किंवा भाड्याच्या खोलीत राहणारी कुटुंबे अजूनही पुष्कळ आहेत. त्यांना भिंत फोडता येत नाही. त्यांच्यासाठी खाली भांडे असलेली कमोड-खुर्ची हा उपाय आहे. साधी खुर्ची दोन-तीन हजारांत येते. रात्रीपुरती ती पलंगाजवळ ठेवावी, पडदा लावावा आणि भांडे सकाळी स्वच्छ करण्याचे काम घरातील पुरुषांनीही आळीपाळीने करावे. ते सुनेच्या एकटीच्या वाट्यास येते आणि मग म्हातारीला मागतानाच संकोच वाटतो. सामाईक संडासात निदान एका दारास दांडा आणि दिवा बसविण्यास चाळ कमिटीस फार पैसे लागत नाहीत.

खर्चाचा अंदाज सांगावयाचा तर स्टीलचा बरा दांडा साधारणतः पाचशे ते दीड हजार रुपयांत मिळतो. दांडे, चटई, दिवा, दाराची दुरुस्ती आणि स्टूल एवढे एका महिन्याच्या काटकसरीत बसते. ते आधी करावे आणि फोडाफोडीसाठी थांबू नये. पूर्ण काम काढल्यास पतपेढीचे कर्ज बहुधा पुरते. बँकेकडून घरदुरुस्तीचे कर्ज घेतल्यास, जुन्या करपद्धतीत असणाऱ्यांना स्वतः राहत असलेल्या घरासाठी व्याजावर वर्षास ३० हजार रुपयांपर्यंत वजावट मिळते. ज्यांना एवढेही शक्य नाही त्यांच्यासाठी केंद्र शासनाची २०१७ ची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. तीत दारिद्र्यरेषेखालील व अल्प उत्पन्नाच्या ज्येष्ठांस काठी, वॉकर, कमोड-खुर्ची अशी साधने दिली जातात. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. तीत ६५ वर्षे पूर्ण झालेल्या व कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीस अशा साधनांसाठी एकवेळ ३ हजार रुपये खात्यात जमा करण्याची तरतूद आहे. चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात करावी. जाण्यापूर्वी ज्येष्ठ व्यक्तीचे खाते आधारशी जोडलेले आहे व ते चालू आहे याची बँकेत खात्री करून घ्यावी. वर्षानुवर्षे व्यवहार न झाल्याने बंद पडलेल्या खात्यात रक्कम जमा होत नाही. खरेदीची पावती पुढे सादर करावी लागते, ती जपून ठेवावी.